प्रवेश दिला, मत राखून ठेवले

फिलाडेल्फिया शहरातल्या ‘आफ्रिकन एपिस्कोपल चर्च ऑफ सेंट थॉमस’ची ओळख अमेरिकेच्या इतिहासात बहुधा एका वाक्यात उरकली जाते. एपिस्कोपल पंथातले कृष्णवर्णीयांचे हे पहिले चर्च १७९४ साली उभे राहिले. त्याचे संस्थापक ॲब्सलम जोन्स हे जन्माने गुलाम, पुढे ते त्या पंथाचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले. हे सगळे खरे आहे. मात्र चर्चचे दार उघडले, मंडळी पंथात दाखल झाली, धर्मगुरूला दीक्षा मिळाली आणि अन्याय संपला, असा त्यातून ग्रह होतो, आणि तो चुकीचा आहे. पंथाने या मंडळीला सामावून घेतले ते एका अटीवर: पंथाचे निर्णय जिथे होतात तिथे तिने बसायचे नाही. ही अट सहा दशकांहून अधिक काळ टिकली. एखादी संस्था कोणाला आत घेते यावरून तिची समता मोजता येत नाही. आत घेतलेल्यांना ती मत देते का, हे पाहावे लागते, आणि या छोट्या चर्चच्या कागदपत्रांइतका त्याचा स्वच्छ पुरावा क्वचितच सापडतो.

एपिस्कोपल म्हणजे बिशपांची परंपरा मानणारा, इंग्लंडच्या चर्चमधून निघालेला पंथ. मुंबईच्या फोर्टातले सेंट थॉमस कॅथीड्रल, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडले, तेही याच अँग्लिकन घराण्यातले. अमेरिकेने ब्रिटिश राजाची सत्ता झुगारली तेव्हा तिथल्या अँग्लिकनांपुढे पेच उभा राहिला, कारण त्यांच्या चर्चचा प्रमुख इंग्लंडचा राजाच होता. फिलाडेल्फियाचे धर्मगुरू विल्यम व्हाइट यांनी १७८२ साली एक पुस्तिका लिहून वाट सुचवली. अधिकार वरून खाली न येता मंडळ्यांकडून वर जावा आणि अधिवेशनांत धर्मगुरूंच्या बरोबरीने सामान्य सभासदांचे निवडलेले प्रतिनिधीही बसावेत, असा त्यांचा आग्रह होता. नव्या पंथाची घडी बऱ्याच अंशी याच विचारावर बसली. व्हाइट १७८७ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे बिशप झाले. पुढच्या घटना याच शहरात, याच बिशपांच्या कारकिर्दीत घडल्या, म्हणून हा तपशील महत्त्वाचा. प्रतिनिधित्वाची किंमत या पंथाला कळत नव्हती असे म्हणायला जागा नाही. त्याची उभारणीच त्या तत्त्वावर झाली होती.

जोन्स यांचा जन्म १७४६ चा, डेलावेअरमधला. लहानपणी बक्षीस मिळालेले पैसे साठवून त्यांनी मुळाक्षरांचे पुस्तक आणि नवा करार विकत घेतला आणि वाचायला शिकले. सोळाव्या वर्षी त्यांची आई आणि भावंडे विकली गेली. मालकाने त्यांना स्वतःबरोबर फिलाडेल्फियाला नेऊन दुकानात कामाला लावले. १७७० मध्ये लग्न झाल्यावर त्यांनी उसनवार करून आधी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले, कारण मुलांचा दर्जा आईवरून ठरत असे. आई मुक्त, तर लेकरे मुक्त. ते कर्ज फेडायला अनेक वर्षे गेली. त्यानंतर ते स्वतःच्या सुटकेची मागणी करत राहिले आणि मालक नकार देत राहिला. अखेर १७८४ मध्ये ते मुक्त झाले. पुढे त्याच दुकानात त्यांनी मजुरी घेऊन काम केले. नंतरच्या वाटाघाटींत दिसणारी त्यांची सावध, कागदावर पक्की बोली करून घेण्याची पद्धत अशा आयुष्यातून आली असावी, असे मला वाटते.

१२ एप्रिल १७८७ रोजी जोन्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ॲलन यांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. सभासदाने दरमहा एक शिलिंग द्यायचा आणि त्यातून आजारी, गरजू, विधवा व अनाथ यांना मदत करायची, असे तिचे रूप होते. दोघेही तेव्हा सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये जात. तिथे कृष्णवर्णीयांची संख्या वाढली तशी त्यांना आधी भिंतीकडेला आणि मग वरच्या सज्जात बसवले जाऊ लागले. तो सज्जा बांधायला आणि नवी जमीन घालायला याच लोकांनी वर्गणी दिली होती, असे ॲलन यांनी आठवणींत नोंदवले आहे. एका रविवारी प्रार्थना चालू असताना, गुडघे टेकलेल्या जोन्स यांना विश्वस्तांपैकी एकाने ओढून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढेच जोन्स म्हणाले. तो थांबला नाही. प्रार्थना संपल्यावर सगळे कृष्णवर्णीय एकत्र उठून बाहेर पडले. हे १७८७ मध्ये घडले की १७९२ मध्ये, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वर्ष कोणतेही धरले तरी त्या चर्चचे दार या लोकांना बंद नव्हते, हे ध्यानात घ्यायला हवे. ते आत होते. त्यांच्या पैशाने जमीन घातली गेली होती. कोणी कुठे बसायचे हे मात्र त्यांना न विचारता ठरत होते.

बाहेर पडल्यावर स्वतःचे चर्च बांधायचे ठरले. डॉ. बेंजामिन रश यांच्यासारख्या काही गोऱ्या हितचिंतकांनी वर्गणीला हात दिला. ऑगस्ट १७९३ मध्ये छप्पर चढले, तेव्हा शहराबाहेर झाडांखाली जेवणाची पंगत बसली. तिचे वर्णन रश यांनी लिहून ठेवले आहे. आधी शंभरेक गोरे, बहुतेक सुतारकाम करणारे, जेवायला बसले आणि कृष्णवर्णीयांनी त्यांना वाढले. मग त्याच मेजावर पन्नासेक कृष्णवर्णीय बसले आणि गोऱ्यांनी त्यांना वाढले. पहिली पंगत कोणाची आणि वाढपी कोण, यात काय काय सामावलेले असते हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांना वाढणे ही मोठीच गोष्ट होती आणि रश यांचा आनंदही मनापासूनचा होता. पण दोन पंगतींची एक पंगत झाली नाही. सद्भावनेची मर्यादा त्या झाडांखालीच दिसून गेली.

याच सुमारास शहरात पीतज्वराची साथ पेटली. ऑगस्ट ते नोव्हेंबर १७९३ या काळात सुमारे पाच हजार माणसे मेली, म्हणजे शहराच्या लोकसंख्येतला साधारण दहावा हिस्सा. ज्यांना शक्य होते ते पळाले. कृष्णवर्णीयांना हा ज्वर होत नाही अशी तेव्हा चुकीची समजूत होती आणि रश यांनीही ती बोलून दाखवली होती. जोन्स आणि ॲलन यांनी शुश्रूषा करणारे आणि प्रेते उचलणारे लोक उभे केले. साथ ओसरल्यावर प्रकाशक मॅथ्यू केरी यांनी लिहिलेल्या वृत्तान्तात या दोघांची स्तुती होती, पण हलक्या थरातल्या कृष्णवर्णीयांनी शुश्रूषेचे अवाच्या सवा पैसे उकळले आणि चोऱ्या केल्या, असा आरोपही होता. जोन्स व ॲलन यांनी जानेवारी १७९४ मध्ये छापील उत्तर दिले. त्यात गहिवर कमी आणि हिशेब जास्त आहे. मिळालेली रक्कम २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. शवपेट्यांवर ३३ पौंड, पाच माणसांच्या मजुरीवर ३७८ पौंड, एकूण खर्च ४११. पदरमोड १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. ज्वर होत नाही या समजुतीलाही त्यांनी आकड्यानेच उत्तर दिले: १७९२ मध्ये शहरात ६७ कृष्णवर्णीयांचे दफन झाले होते, १७९३ मध्ये ३०५.

त्या पुस्तिकेचा या लेखाच्या मुद्द्याशी थेट संबंध आहे. समाजासाठी जीव धोक्यात घातल्यावर तरी बरोबरीचे स्थान आपोआप मिळेल, ही अपेक्षा साथ संपल्यावर काही महिन्यांतच खोटी ठरली. चांगल्या वागणुकीच्या जोरावर मिळालेली प्रतिष्ठा दुसऱ्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने जाऊ शकते. हाती अधिकार असेल तरच ती टिकते. हे ओळखूनच ही मंडळी एपिस्कोपल पंथाशी बोलणी करायला बसली, असे त्यांच्या अटींवरून दिसते.

कोणत्या पंथात जायचे हे मतदानाने ठरले. जोन्स आणि ॲलन दोघांचाही ओढा मेथडिस्टांकडे होता, पण सेंट जॉर्जचा अनुभव घेतलेल्या बहुसंख्यांनी एपिस्कोपल पंथ निवडला. ॲलन यांनी धर्मगुरूपद नाकारले आणि ते वेगळ्या वाटेने गेले. जोन्स यांनी बहुमत मानले. १७ जुलै १७९४ रोजी फिफ्थ स्ट्रीटवरचे चर्च उपासनेसाठी खुले झाले. मंडळीने बिशपांच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांतापुढे तीन अटी ठेवल्या: आम्हाला संघटित मंडळी म्हणून स्वीकारा, आमच्या स्थानिक कारभारावर आमचाच ताबा राहील, आणि जोन्स यांना उपासना चालवायचा परवाना देऊन ते पात्र ठरल्यास दीक्षा द्या. तिन्ही मान्य झाल्या. चर्चच्या घटनेत पदाधिकारी आफ्रिकी वंशाचेच असतील असेही लिहिले गेले. पुढच्या वर्षी दीक्षेचा प्रश्न आला, तेव्हा ग्रीक आणि लॅटिन येण्याची अट धर्मप्रांताच्या अधिवेशनाने जोन्स यांच्यापुरती शिथिल केली. त्याच ठरावात अधिवेशनाने आणखी एक कलम घातले. या चर्चला अधिवेशनात धर्मगुरू किंवा प्रतिनिधी पाठवता येणार नाही आणि पंथाच्या सर्वसाधारण कारभारात भाग घेता येणार नाही. या लोकांची सध्याची विशेष परिस्थिती हे कारण त्यासाठी नोंदवले गेले. जोन्स १७९५ मध्ये डीकन, म्हणजे धर्मगुरूपदाच्या खालच्या पायरीवर, झाले आणि पूर्ण धर्मगुरू व्हायला नवे शतक उजाडले.

इथे पहिला आक्षेप येतो तो असा की बिशप व्हाइट यांनी भाषांची अट सोडली, दीक्षा दिली, स्थानिक ताबा मान्य केला. अठराव्या शतकाच्या मानाने हे मोठे औदार्य होते, आणि आजच्या मापाने त्यांना मोजणे अन्यायाचे ठरेल. व्हाइट यांनी बरेच केले हे मला मान्य आहे. पण इथे आजचे माप लावायची गरजच पडत नाही, त्यांचे स्वतःचे माप पुरते. मंडळ्यांच्या प्रतिनिधींशिवाय चर्चचा कारभार न्याय्य होत नाही, हे १७८२ मध्ये त्यांनीच लिहिले होते. अधिवेशनातल्या सभासदांनाही या कलमाची अडचण जाणवली असावी, नाही तर ‘सध्याची’ परिस्थिती असे कारण ठरावात घालायची गरज पडली नसती. नियम स्वच्छ वाटत असेल तेव्हा माणसे कारणे देत बसत नाहीत. आणि ती परिस्थिती संपली की नाही हे ठरवणार कोण, तर तेच अधिवेशन, ज्यात या मंडळीला बसता येत नव्हते. मुदत नसलेली तात्पुरती अट कायमच्या अटीपेक्षाही चिवट असते, कारण तिच्याविरुद्ध भांडणाऱ्याला उतावळा ठरवता येते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. आफ्रिकी वंशाचेच पदाधिकारी असा नियम करणाऱ्या चर्चने इतरांना भेदभावाबद्दल दोष कसा द्यावा? नियमाची मूळ गरज पाहिली तर हे दोन भेद एका तराजूत बसत नाहीत. सेंट थॉमसच्या नियमाने कोणाही गोऱ्या माणसाचा शहरातल्या इतर चर्चांमधला अधिकार तसूभरही कमी झाला नाही. अधिवेशनाच्या ठरावाने मात्र एका पूर्ण मंडळीला वरचा दरवाजा बंद झाला. स्वतःच्या घराची किल्ली स्वतःकडे ठेवणे आणि दुसऱ्याला गावच्या चावडीवर येऊ न देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. किल्लीची काळजी किती रास्त होती हे ॲलन यांच्या अनुभवावरूनही दिसते. त्यांचे बेथेल चर्च मेथडिस्ट पंथातच राहिले, आणि इमारतीवर व व्यासपीठावर हक्क कोणाचा, यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी ॲलन यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथ उभा राहिला. जोन्स यांच्या मंडळीने स्थानिक ताबा पहिल्याच दिवशी लेखी घेतला होता.

मग अपमानकारक कलम स्वीकारून जोन्स राहिले तरी कशाला, ॲलन यांच्यासारखे बाहेर का पडले नाहीत? हा तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण राहण्याची किंमत खरोखर मोठी होती. पण राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हते. फिलाडेल्फिया १८०० पर्यंत देशाची राजधानी होती आणि काँग्रेस चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर भरत असे. १७९९ च्या अखेरीस जोन्स आणि शहरातल्या इतर मुक्त कृष्णवर्णीयांनी काँग्रेसकडे अर्ज केला. मुक्त माणसांना पळवून नेऊन विकणे थांबवा, पळालेल्या गुलामांविषयीच्या कायद्याचा फेरविचार करा, गुलामगिरी हळूहळू संपवायची तजवीज करा, अशा त्यातल्या मागण्या होत्या. अर्जातल्या ज्या मागण्या काँग्रेसच्या अधिकाराबाहेरच्या मानल्या गेल्या, त्यांना सभागृहाने थारा देऊ नये, असा ठराव ८५ विरुद्ध १ मतांनी झाला. १ जानेवारी १८०८ रोजी गुलामांची आयात बंद करणारा कायदा अमलात आला, त्या दिवशी सेंट थॉमसमध्ये जोन्स यांनी आभाराचा उपदेश केला आणि हा दिवस दरवर्षी पाळावा असे सुचवले. ही कामे त्यांनी अधिवेशनात जागा नसताना केली. तरी पंथात राहिल्यामुळे पंथाला एक प्रश्न कायम चिकटून राहिला. बाहेर गेलेल्यांना विसरता येते, पण आत असलेल्या मंडळीला प्रतिनिधी का नाही, हे वर्षावर्षाला कोणी तरी विचारू शकते.

तो प्रश्न कसा टोचत राहिला याची साक्ष अलेक्झांडर क्रमेल देतात. १८३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीने या बुद्धिमान कृष्णवर्णीय तरुणाला वर्णामुळे प्रवेश नाकारला. पुढे ते फिलाडेल्फियात काम मिळवायला आले. तिथल्या बिशप ऑन्डरडॉंक यांनी त्यांना अट घातली: अधिवेशनात जागा मागणार नसाल तर या. क्रमेल यांनी नकार दिला. ही हकिगत पुढे कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात जगापुढे आणली. ‘सध्याची परिस्थिती’ सुरू होऊन तेव्हा चार दशके उलटली होती. या काळात फिलाडेल्फियात सुशिक्षित, सधन कृष्णवर्णीयांची पिढी तयार झाली होती. शिडांच्या कारखान्याचे मालक जेम्स फोर्टन याच चर्चचे सभासद होते. अपात्रतेचे कारण शिल्लक उरले नव्हते. उलट १८३८ मध्ये राज्यघटनाच बदलून पेनसिल्व्हेनियाने मतदान फक्त गोऱ्या पुरुषांपुरते ठेवले. काळ पुढे गेला की हक्क आपोआप पदरात पडतात, या समजुतीला याहून सडेतोड उत्तर नाही. न्यूयॉर्कच्या सेंट फिलिप्स या कृष्णवर्णीय मंडळीला अधिवेशनात जागा मिळाली ती १८५३ मध्ये, अनेक वर्षांच्या भांडणानंतर. फिलाडेल्फियात हे व्हायला १८६० चे दशक उजाडावे लागले. तेव्हा गुलामगिरीवरून देशात यादवी युद्ध पेटलेले होते.

या इतिहासाचा आपल्याकडच्या एका महत्त्वाच्या ग्रंथाशी संबंध आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, निग्रो दास्याच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. अर्पणामागचा हेतू स्पष्ट होता: शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून मुक्त करण्यासाठी आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा. जोतीरावांच्या त्या दूरदृष्टीविषयी मला नितांत आदर आहे. त्या अर्पणपत्रिकेशेजारी सेंट थॉमसची कागदपत्रे ठेवली, तर मुक्तीची दुसरी बाजूही दिसते. मुक्त झालेल्यांनी हिशेब मांडले, अर्ज केले, बोली लिहून घेतल्या. आणि मुक्त करणाऱ्यांतल्या अनेक सज्जनांना त्यांच्या शेजारी बसून निर्णय घेण्याची कल्पना जड गेली. पंडिता रमाबाईंना हे वेगळ्या प्रकारे भोगावे लागले. १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला. चर्चने त्यांचे स्वागत केले. पण त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली आणि माझा निर्णय मी घेईन यावर रमाबाई अडून राहिल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, त्या याच फिलाडेल्फिया शहरात.

जोन्स १३ फेब्रुवारी १८१८ रोजी वारले. एपिस्कोपल पंथाच्या दिनदर्शिकेत ती तारीख आता त्यांच्या नावाने आहे. १७९४ ची इमारत राहिलेली नाही. मंडळी आज शहराच्या पश्चिमेकडच्या ओव्हरब्रुक भागात उपासना करते. एवढा तपशील आपल्यापर्यंत पोहोचला तो मुख्यतः मंडळीच्या स्वतःच्या नोंदींमुळे. १८३४ पासून तिथे धर्मगुरू असलेल्या विल्यम डग्लस यांनी १८६२ मध्ये चर्चचा इतिहास ग्रंथरूपाने छापला. फ्री आफ्रिकन सोसायटीच्या बैठकांची इतिवृत्ते, मंडळीच्या अटी, अधिवेशनाचे ठराव त्यांनी जसेच्या तसे उतरवून घेतले. डग्लस यांच्या सेवेचा जवळजवळ सगळा काळ अधिवेशनात जागा नसतानाच गेला. ज्या ठरावाने त्यांना ती नाकारली होती, तोही त्यांनी ग्रंथात पूर्ण छापला आहे.